८८० बायका, २ जागा : एका रुग्णालय कामगार संघटनेचं प्रकरण

मध्य मुंबईतलं एक मोठं खासगी रुग्णालय. कायम आणि कंत्राटी मिळून कामगार संघटनेचे १,४०० सभासद, त्यांत ८८० बायका. कार्यकारिणी २१ जणांची, त्यात बायका दोन. सात पदाधिकाऱ्यांत एक, तीही 'महिला उपाध्यक्ष'. या पदाचं काम काय, हे संघटनेच्या घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. प्रकरणात नावं नाहीत. मुंबईच्या संघटनांत ठिकठिकाणी भेटणाऱ्या गोष्टी एका जागी आणून ते बांधलं आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

अशी कार्यकारिणी दिसली की एक उत्तर तयार असतं: बायका पुढेच येत नाहीत हो. सरचिटणीस हे मनापासून म्हणतात, खोटं बोलत नाहीत. त्यांनी कुणा बाईला अर्ज भरू नको असं कधीच सांगितलेलं नाही. तशी गरजच पडत नाही. अर्ज भरायची वेळ येईपर्यंत बहुतेक जणी बाद झालेल्या असतात, आणि त्यांना बाद करणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत: खात्यांची यादी, वर्गणीचं रजिस्टर, सभेची वेळ.

एक खातं, एक जागा

संघटनेच्या घटनेत एक निरुपद्रवी कलम आहे: 'प्रत्येक खात्यातून एक प्रतिनिधी कार्यकारिणीवर निवडला जाईल.' रुग्णालयात खाती २१. सफाई खात्यात ४२० सभासद, त्यांत ३५० बायका. आया, म्हणजे रुग्णालयातल्या मावशी, २६०, सगळ्या बायका. परिचारिका २३०, त्यांत २१५ बायका. या तीन खात्यांत मिळून ९१० सभासद आणि जागा तीन. उरलेली १८ खाती म्हणजे लिफ्ट, ए.सी. प्लांट, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, ड्रायव्हर, स्टोअर, लॉण्ड्री, किचन, एक्स-रे, रेकॉर्ड रूम वगैरे. त्यांत सगळे मिळून ४९० सभासद, त्यांतल्या बायका ५५, आणि जागा १८.

लिफ्टमन नऊ आहेत. त्या नवांना एक जागा आणि सफाईच्या ४२० जणांनाही एकच. एका लिफ्टमनचं मत सफाईवालीच्या मताच्या साधारण ४७ पट जड झालं. यात कुणाचा डाव होता असं नाही. घटना लिहिली तेव्हा सफाई खातं लहान होतं आणि बायका त्याहून कमी. पुढे कंत्राटी भरती वाढत गेली, खात्यांची यादी तीच राहिली.

शिवाय सफाईची ती एक जागाही बाईकडे आलेली नाही. ती मुकादमाकडे आहे. ड्यूटी लिस्ट तो लावतो, साप्ताहिक सुट्टी तो बदलून देतो, ऑपरेशन थिएटरची सफाई कुणाला आणि शवागाराची कुणाला हे तोच ठरवतो. त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे पुढचे सहा महिने आपली ड्यूटी कुठे लागेल याचा विचार आधी करायचा. इथे कायद्याची अडचणही आहे, पण संघटना तिच्याकडे काणाडोळा करते: देखरेखीचं काम करणारा आणि त्याच्या हाताखालचे, दोघं एकाच मतदारसंघात असले की निवडणूक गुप्त मतदानाने घेऊनही मोकळी होत नाही.

खातेवार रचना मुंबईला गिरण्यांपासून ठाऊक आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत इथल्या कापड गिरण्यांत पाचातली साधारण एक कामगार बाई होती, आणि त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत एकवटलेल्या होत्या. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असायची. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बायका गिरणीच्या दरवाजावर उभ्या राहिल्या. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्याच चळवळीतल्या. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा देशातला त्या विषयावरचा पहिला कायदा. तरी पुढे यंत्रं बदलली, बायकांची खाती आक्रसली, आणि १९८२ चा संप आला तोवर गिरण्यांत बायका नावालाच उरल्या होत्या. खातं आटत गेलं तशी त्या खात्याची संघटनेतली जागाही गेली. पुरुषांच्या साचा (विणकाम) खात्यासाठी जेवढ्या जिद्दीने भांडणं झाली तेवढी वाइंडिंगसाठी झाली नाहीत, यात नवल वाटायचं कारण नाही. भांडणाऱ्यांत वाइंडिंगवाली कुणी नव्हतीच.

मुंबईत बाईने संघटनेचं नेतृत्व केलंच नाही असं मात्र नाही. मणिबेन कारा यांनी रेल्वे कामगारांची संघटना चालवली. विमल रणदिवे यांनी कामकरी स्त्रियांची समन्वय समिती उभी केली. देशपातळीवर सिटू या कामगार संघटनांच्या महासंघाच्या अध्यक्षपदी २०१६ मध्ये के. हेमलता आल्या. १९२० साली मुंबईतच स्थापन झालेल्या आयटक या दुसऱ्या महासंघाला पहिली महिला सरचिटणीस, अमरजित कौर, मिळायला जवळजवळ शतक लागलं. यातल्या बहुतेक पूर्णवेळ कार्यकर्त्या म्हणून वर आल्या. पाळीतून थेट कार्यकारिणीत येण्याची वाट वेगळी आणि जास्त अरुंद आहे. हे प्रकरण त्या वाटेचं आहे.

वर्गणी थकली, नाव गेलं

उमेदवारीसाठी घटनेतली अट: सलग तीन वर्षं सभासदत्व, आणि सहा महिने वर्गणी थकली तर सभासदत्व आपोआप रद्द. दोन्ही अटी वाचायला सरळ आहेत. बायकांच्या बाबतीत त्या कशा चालतात ते खजिनदाराच्या रजिस्टरमध्ये दिसतं.

वर्गणी पगारातून कापली जाते. मावशी प्रसूती रजेवर गेली की कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची रजा मिळते. तिचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) मर्यादेत, म्हणजे दरमहा २१,००० रुपयांपर्यंत, असेल तर त्या काळातले पैसे ईएसआयकडून येतात, रुग्णालयाच्या पगारपत्रकातून नव्हे. पगारपत्रकात नाव नाही म्हणून कपात नाही, कपात नाही म्हणून वर्गणी नाही. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. ती कामावर परत येते तेव्हा रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लाल रेघ असते, आणि नवी पावती फाडली की तीन वर्षांची मोजणी पहिल्यापासून. बाळंतपण एकच झालं तरी एक निवडणूक हातची गेली. दोन झाली तर वयाची तिशी उलटेपर्यंत ती उमेदवारच होऊ शकत नाही.

सफाईवाल्या बायकांचं दुखणं वेगळं. दर दोन-तीन वर्षांनी टेंडर निघतं, कंत्राटदार बदलतो. बाई तीच, झाडूही तोच, मजला तोच. पण ओळखपत्र नवं, पीएफला जोडलेली आस्थापना नवी. संघटनेचा फॉर्म 'नोकरी देणाऱ्याचं नाव' विचारतो, म्हणून फॉर्मही नवा भरला जातो आणि सभासद क्रमांक बदलतो. १५ वर्षं त्याच वॉर्डात काम केलेल्या बाईचं सभासदत्व कागदावर १४ महिन्यांचं निघतं.

दुरुस्ती सोपी आहे आणि फुकट आहे. सभासद क्रमांक माणसाला द्यायचा, नोकरीला नाही; फॉर्मवर कंत्राटदाराचं नाव पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल असा रकाना ठेवायचा. प्रसूती रजा, गर्भपातानंतरची रजा आणि लांबलेलं आजारपण या काळात वर्गणी माफ, सभासदत्व अखंड. यासाठी रजा मंजुरीचं पत्र किंवा ईएसआयचा कागद पुरावा म्हणून धरायचा. वर्गणी माफ केल्याने कायद्याचा भंग होत नाही ना, हा प्रश्न हमखास येतो. कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनंतर अशा संघटनेसाठी किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये होती. संघटना त्याच्या कितीतरी पट घेते, म्हणून वर्षातल्या सहा महिन्यांची सूट दिली तरी किमान रक्कम भरलेली राहते. हे खजिनदाराला कागदावर मांडून दाखवावं लागतं, तोंडी सांगून पटत नाही.

साडेसातची सभा

कार्यकारिणीची सभा दर महिन्याला संध्याकाळी साडेसातला, लालबागच्या एका चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर. रुग्णालयाच्या पाळ्या ७ ते २:३०, २ ते ९:३० आणि रात्रीची ९ ते ७:३०. सकाळपाळीची मावशी अडीचला सुटते. सभेपर्यंत पाच तास कुठे बसायचं? बहुतेक जणी बदलापूर, दिवा, नालासोपारा, विरारच्या. सभा साडेनऊला संपली तर दादरला पोहोचून बदलापूरची गाडी पकडायची, सव्वा तास उभ्याने, पुढे रिक्षा. घरी साडेअकरा. सकाळी सातच्या ड्यूटीसाठी पावणेपाचची गाडी. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला आहे आणि त्याची किल्ली शेजारच्यांकडे असते. हा मुद्दा इतिवृत्तात कधी येत नाही, कारण मांडणाऱ्याला लाज वाटते आणि ऐकणाऱ्याला सुचत नाही.

दोन निवडून आलेल्या बायकांपैकी एकीची वर्षभरातली हजेरी तीन सभांची. घटनेप्रमाणे सलग तीन सभा चुकल्या तर जागा रिकामी होते आणि कार्यकारिणी ती 'स्वीकृत' सदस्याने भरते. स्वीकृत सदस्य कोण, ते सभा संपल्यानंतर खालच्या चहाच्या टपरीवर ठरतं. एकूणच ठरवायच्या बऱ्याच गोष्टी तिथे ठरतात: पॅनलमध्ये कोण, समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) कोण जाणार, कुणाची चार्जशीट आधी बघायची. वर सभेत त्यावर 'सर्वानुमते' असं लिहिलं जातं.

वेळ बदलायची म्हटल्यावर पहिली सूचना आली रविवारची. कारखान्यात चालेल, रुग्णालयात नाही. इथे साप्ताहिक सुट्टी फिरती असते, आणि ज्यांना रविवार मिळतो त्यांच्या घरी त्या दिवशी आठवड्याचं धुणं, दळण, पाहुणे. दुसरी सूचना ऑनलाइन सभेची. महिन्याच्या सभेला ती थोडीफार उपयोगी पडते, पण मतदानाच्या मुद्द्यावर फोन कुणाच्या हातात आहे आणि शेजारी कोण बसलंय हे कळत नाही.

चाललं ते असं: सभा अडीच ते पावणेचार, रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये. सकाळपाळी सुटलेली असते. दुपारपाळीतल्या प्रतिनिधींना व्यवस्थापनाकडून मान्यताप्राप्त संघटनेच्या नात्याने तासाभराची सवलत मिळवली. सर्वसाधारण सभा मात्र दोन सत्रांत, अडीचला एक आणि रात्री पावणेदहाला दुसरं, एकाच दिवशी. दोन सत्रांच्या सभेत एक खाच आहे. दुसऱ्या सत्रात कुणी ठरावाला उपसूचना मांडली आणि ती मंजूर झाली, तर पहिल्या सत्रातल्यांनी मत दिलेला ठराव आणि मंजूर झालेला ठराव वेगळे होतात. मग कुणीही उठून सभा बेकायदा ठरवू शकतो. म्हणून घटनेतच लिहून घ्यावं लागतं: ठरावाचा मसुदा सात दिवस आधी प्रत्येक मजल्यावरच्या फलकावर, उपसूचना तीन दिवस आधी लेखी, सभेत फक्त हो किंवा नाही. गणसंख्या दोन्ही सत्रांच्या सह्या मिळून, आणि एकाच व्यक्तीची दोनदा सही होऊ नये म्हणून सभासद क्रमांकानुसार रजिस्टर.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त संघटनेच्या कार्यकारिणीची सभा तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदले पाहिजेत. ही वही मागायची सवय लागली की टपरीवरचे निर्णय आपोआप उघडे पडायला लागतात, कारण वहीत त्यांचा मागमूस नसतो.

केस कोण बघतं

संघटनेतलं खरं शिक्षण निवडणुकीत होत नाही. ते मेमो, चार्जशीट, चौकशी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनातली तारीख, समेट अधिकाऱ्यापुढचं बोलणं आणि शेवटी करार या पायऱ्यांवर होतं. पहिल्या पायरीवर जो उभा राहतो तो पाच-सात वर्षांत शेवटच्या पायरीवर पोहोचतो. या संघटनेत मावशींच्या मेमोलाही उत्तर ए.सी. प्लांटचा सहचिटणीस लिहायचा. महिला उपाध्यक्षांकडे हळदीकुंकू, ८ मार्च आणि दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव. महिला आघाडी काढली की प्रश्न सुटला असं वाटतं. प्रत्यक्षात बायकांची सगळी हुशारी त्या एका कोपऱ्यात खर्च होते आणि करार दुसऱ्या खोलीत होतो.

कामगार भवनची तारीख अकराची. सकाळपाळीची बाई गेली तर तिचा दिवस भरत नाही. वर्कशॉपचा माणूस जातो तेव्हा त्याचा फोरमन हजेरी सांभाळून घेतो. वॉर्डात तसं जमत नाही, कारण २४ खाटांवर दोनच मावशी असतात. तेव्हा संघटनेने भरपाई द्यायला हवी: गेलेल्या दिवसाचा पूर्ण पगार आणि गाडीभाडं, व्हाउचरवर, सर्वसाधारण निधीतून. वर्षाला ४० तारखा धरल्या आणि दिवसाला ८०० रुपये, तर ३२,००० रुपये. वार्षिक अधिवेशनाच्या मंडप-जेवणाचा खर्च याहून जास्त असतो.

मागच्या वेतनकरारात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मागणीपत्रकात २४ मागण्या. पगारवाढ, महागाई भत्ता, ग्रेड हे १ ते ८. कपडे बदलायची खोली, पाळणाघर, दुपारपाळी सुटल्यावर स्टेशनपर्यंत गाडी, रात्रपाळीला स्वच्छ संडास, मापाचे गमबूट हे १९ ते २४. गमबूट ८, ९ आणि १० नंबरचेच यायचे. ४ आणि ५ नंबरच्या पायाच्या बायका आत फडकी कोंबून ओल्या फरशीवर चालायच्या. मावशी साडी बदलायला लिननच्या रॅकमागे उभ्या राहायच्या आणि एक जण दार धरायची.

वाटाघाटीच्या पाच जणांत बाई नव्हती. शेवटच्या फेरीत व्यवस्थापनाने नेहमीसारखं 'पॅकेज' ठेवलं: दरमहा दर कामगारामागे अमुक रुपये, बाकी मागण्या मागे घ्या. १९ ते २४ दहा मिनिटांत गेल्या. त्यांचा खर्च किती हे कुणी काढलंच नव्हतं, आणि ज्या मागणीला आकडा नसतो ती टेबलावर फुकट जाते.

म्हणून पुढच्या मागणीपत्रकाआधी खर्च काढायला बसल्यावर उलटाच पेच आला. दुपारपाळी सुटताना सुमारे ६५ बायकांना दादर स्टेशनपर्यंत सोडायचं: १७ आसनी दोन गाड्या, दोन फेऱ्या, ६८ जागा. भाडं महिन्याला १,२०,००० धरलं तर १,४०० सभासदांवर दरडोई ८६ रुपये. लगेच वर्कशॉपमधून आवाज: आमचे ८६ रुपये कशाला? आकडा काढला नाही तर मागणी फुकट जाते, काढला तर भावाभावात भांडण.

यातून वाट काढली ती मागण्या दोन ढिगांत वेगळ्या करून. कायद्यानेच देणं असलेली गोष्ट मागणीपत्रकात घालायचीच नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. हे मागितलं की त्याची किंमत मोजावी लागते. अंमलबजावणीची तक्रार केली की मोजावी लागत नाही. पाळणाघर, संडास, सुरक्षेचे बूट हे वेगळ्या पत्रात, करार सुरू होण्याच्या तीन महिने आधी. गाडी आणि कपडे बदलायची खोली मागणीपत्रकात, पण पहिल्या आठात. खोलीचा हिशेबही नीट: एका पाळीत जास्तीत जास्त ९० मावशी, पाळी बदलताना अर्धा तास दोन पाळ्या एकत्र, म्हणजे सोय १८० जणींची हवी. '२६० लॉकर द्या' म्हटलं की व्यवस्थापन जागा नाही म्हणतं. '१८० हुक, ९० कप्पे, दोन आडोसे' म्हटलं की नाही म्हणायला जड जातं.

घटनादुरुस्ती

संघटनेच्या स्वतःच्या कार्यकारिणीत बायका किती असाव्यात याबद्दल १९२६ च्या कायद्यात काही नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. मजा अशी की त्याच संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेच्या तक्रार निवारण समितीत बायकांचं प्रमाण त्यांच्या कामगारसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कमी नसावं अशी अट आहे. मालकाच्या समितीत शंभरात ६३ बायका लागतात आणि संघटनेच्या कार्यकारिणीत शून्य असल्या तरी चालतं. जे करायचं ते संघटनेला आपल्या घटनेतच करावं लागतं.

पहिला प्रस्ताव 'एक तृतीयांश राखीव'चा आला. तो मागे घेतला हे बरं झालं. १,४०० त ८८० बायका असताना सात जागा राखीव ठेवल्या की त्या सातच राहतात. आठव्या बाईला 'तुमचा कोटा आहे ना' असं सांगितलं जातं. त्याऐवजी आधी मतदारसंघ सुधारले: दर ७० सभासदांमागे किंवा त्याच्या अपूर्णांकामागे एक जागा. सफाई ६, आया ४, परिचारिका ४, आणि उरलेल्या १८ खात्यांचे जवळच्या कामांनुसार सात गट, त्यांना ७. बेरीज २१ च. कुणाची जागा 'बायकांना दिली' असं म्हणायची सोय उरली नाही, मतं फक्त सारखी झाली. त्यावर दोन जादा कलमं: मुकादम आणि सुपरवायझर वेगळ्या गटात मतदान करतील, आणि अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार या तिघांत किमान एक बाई. 'किमान' हा शब्द मसुद्यातून दोनदा गळाला आणि दोनदा परत घालावा लागला.

खजिनदारपद हातात आलं तर ते हलकं समजू नये. चेकवर सही, पावती पुस्तकं, व्हाउचर, ऑडिट सगळं तिथून जातं. तारखेला जाणाऱ्या बाईचं भाडं वेळेवर मिळणं त्याच सहीवर असतं. पण खात्यावर तिघांपैकी कुणाही दोघांची सही चालत असेल तर बाकीचे दोघं तिला बाजूला ठेवून वर्षभर कारभार करतात. कलम असं हवं: खजिनदाराची सही आणि इतर दोघांपैकी एकाची.

पहिल्या सभेत दुरुस्ती पडली. विरोधामुळे नव्हे, गणसंख्या भरली नाही. सभा संध्याकाळी ठेवली होती. दुसऱ्या वेळी दोन सत्रांत घेतली आणि दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाली. मग सरचिटणीसांच्या टेबलावर कागद पडून राहिला. दुरुस्तीची प्रत १५ दिवसांत निबंधकांकडे जावी लागते असं १९२६ च्या कायद्यात होतं. उशीर झाला की पुढच्या निवडणुकीत हरलेला उमेदवार नेमकं हेच काढतो. प्रत, सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या आणि ठरावाचा उतारा, सगळ्यावर पोच घेऊन एक संच खजिनदाराकडे ठेवायचा.

दुरुस्ती मंजूर होताना काही जणांनी दुसरी संघटना काढायची धमकी दिली. तेव्हा हिशेब मांडला तो उपयोगी पडला: नव्या संहितेत आस्थापनेत एकाहून जास्त संघटना असतील तर एकमेव वाटाघाटी संघटना व्हायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. ४९० जणांच्या खात्यांतले नाराज बाहेर पडून त्यांना ते गाठता येत नाही.

निवडून आल्यावर

नव्या रचनेत २१ पैकी १२ बायका आल्या. पहिल्या सहा महिन्यांत दोन ठिकाणी गाडं अडलं.

एक, कुजबुज. रात्रीच्या सत्रानंतर पुरुष सहकाऱ्याबरोबर स्टेशनपर्यंत गेली म्हणून एका मावशीबद्दल खात्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घाणेरडा मजकूर फिरला. तक्रार कुठे करायची? करणारा रुग्णालयाचाच कामगार आणि घटना कामाशी जोडलेली असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. संघटनेच्या कार्यालयात नोकरीला दोनच माणसं. दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या जागी अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत, हे लक्षात ठेवायचं. खरी गोची पुढे होते. ज्याच्यावर आरोप तोही सभासद, आणि चौकशीत त्याला वाचवायला संघटनेचाच पदाधिकारी उभा राहतो. यासाठी लेखी नियम केला: तक्रार करणारीला संघटनेकडून मदतनीस पहिल्या दिवसापासून, आरोप असलेल्याला हवा तर मदतनीस, पण पदाधिकारी नाही, आणि अंतर्गत समितीवर बसलेली सभासद त्या प्रकरणात संघटनेच्या बाजूने काही बोलणार नाही.

दोन, संरक्षण. आधी औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे आणि आता नव्या संहितेप्रमाणेही 'संरक्षित कामगारां'ची यादी संघटना मालकाला देते: एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान पाच, कमाल शंभर. वाद चालू असताना त्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही. मागच्या यादीत एकही बाई नव्हती, कारण यादी जुन्याच यादीवरून उतरवली जायची. सफाईच्या सहा प्रतिनिधींचा मालक कंत्राटदार आहे, म्हणून त्यांची यादी त्याला वेगळी, त्याच्या लेटरहेडवर पोच घेऊन द्यावी लागते. रुग्णालयाला दिलेल्या यादीत त्यांची नावं घालून काही उपयोग होत नाही.

ही यादी द्यायची राहिली आणि टेंडर बदललं. नव्या कंत्राटदाराने सहापैकी तिघींना घेतलं नाही. कार्यकारिणीत लगेच प्रश्न: आता या कामगारच नाहीत, मग सदस्य कशा? सरचिटणीस स्वतः निवृत्त होऊन चार वर्षं पदावर आहेत. ते ज्या आधारावर बसले आहेत तोच आधार तिघींसाठी काढला: १९२६ च्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने आलेलं आणि नव्या संहितेतही राहिलेलं स्पष्टीकरण, की निवृत्त झालेला किंवा कपात झालेला कर्मचारी पदासाठी बाहेरचा धरू नये. टेंडर संपल्यावर कामावर न घेणं ही कपात ठरते का, यावर कंत्राटदाराचा वकील वाद घालणारच. म्हणून घटनेत एक ओळ वाढवली: कंत्राट बदलल्यामुळे काम गेलेल्या प्रतिनिधीचं सभासदत्व आणि पद, तिचा वाद निकालात निघेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत चालू राहील. तिघींनी दोन आठवड्यांत समेट अधिकाऱ्याकडे अर्ज टाकला. सोबत जुनी तीन ओळखपत्रं, पीएफचे उतारे, त्याच वॉर्डच्या ड्यूटी लिस्टचे फोटो आणि सभासद क्रमांक न बदलल्याचं खजिनदाराचं पत्र जोडलं आहे. पहिल्या तारखेला रुग्णालय आणि कंत्राटदार दोघांनाही पक्षकार करून घ्यायचं आहे.